गुणांचा हिशेब : विमानप्रवासातील निष्ठा आणि तिचे अर्थशास्त्र

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र विभाग)

वाचकांना प्रथमच एक कबुली दिली पाहिजे. प्रस्तुत लेखक अद्याप विमानात बसलेला नाही. नांदेडचा विमानतळ त्याने बाहेरून पाहिला आहे, इतकाच त्याचा आणि विमानाचा संबंध. ज्याच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा तोच पहिला, त्याने विमान कंपन्यांच्या बक्षीस योजनांवर लिहावे हे काहींना नवल वाटेल. परंतु गेल्या गौरी-गणपतीच्या सुटीत माझे मामा घरी आले असता त्यांनी एक प्रश्न माझ्यापुढे ठेवला. “तू अर्थशास्त्र शिकतोस ना? मग मला सांग, ही विमान कंपनी सोडू का धरून ठेवू?” घरातल्या कोणी माझ्या शिक्षणाला प्रश्न विचारण्याची ती पहिलीच वेळ होती. उत्तर देणे भाग होते. त्या उत्तरासाठी जे वाचले, जे हिशेब मांडले, त्याचे सार येथे देत आहे.

प्रश्न कसा उभा राहिला

मामा पुण्याच्या एका कारखान्यात यंत्रे बसविण्याचे व दुरुस्त करण्याचे काम करतात. वर्षातून सुमारे वीस वेळा त्यांना विमानाने जावे लागते, आणि तेही नेहमी इकॉनॉमी वर्गाने. कारखाना प्रत्येक प्रवासामागे एक ठरावीक रक्कम देतो. तिकीट स्वस्त मिळाले तर उरलेले पैसे त्यांचे. एका विमान कंपनीच्या योजनेत त्यांनी नाव नोंदविले होते. प्रत्येक प्रवासाचे काही ‘पॉईंट’ त्यांच्या खात्यावर जमा होत. ह्या लेखात त्यांना मी गुण म्हणतो.

हे गुण साठविण्यामागे एक हेतू होता. आजीला काशीला न्यायचे. तेही विमानाने. मामांनी हिशेब केला तेव्हा पुणे ते वाराणसी एका बाजूच्या तिकिटाला ६,५०० गुण लागत. दोघांचे जाणे-येणे म्हणजे चार तिकिटे, २६,००० गुण. दोन-अडीच वर्षे त्यांनी ते जमविले. २६,००० पुरे झाले त्या सुमारास कंपनीने दर बदलले आणि त्याच तिकिटाला ९,००० गुण लागू लागले. चार तिकिटांना ३६,००० झाले. कंपनीचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही, कारण हा प्रकार कोणा एका कंपनीचा नाही. दुसरी एक कंपनी त्याच मार्गांवर स्वस्त नेत होती आणि तिचीही अशीच योजना होती. तिकडे जावे, की उरलेले दहा हजार गुण पुरे करावेत? आजीचे वय वाढत होते आणि गुणांचे मोल घटत होते. प्रश्न असा होता.

थोडा इतिहास

गिऱ्हाईक बांधून ठेवण्यासाठी बक्षीस देण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेत १८९६ पासून स्पेरी अँड हचिन्सन ह्या कंपनीची हिरवी तिकिटे दुकानदार गिऱ्हाइकांना देत. ती वहीत चिकटवून वही भरली की वस्तू मिळे. विमानांच्या बाबतीत मात्र १९७८ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी अमेरिकेने विमान वाहतुकीवरील सरकारी नियंत्रण उठविणारा कायदा केला. तोपर्यंत भाडी आणि मार्ग सरकारी मंडळ ठरवीत असे. नियंत्रण उठताच भाड्यांची चढाओढ सुरू झाली. आसन येथून तेथून सारखेच. मग प्रवाशाने आपल्याकडेच का यावे? ह्या प्रश्नाला मे १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ‘ॲडव्हान्टेज’ योजनेने उत्तर दिले. काही दिवसांतच युनायटेडने आपली योजना काढली. थोड्याच काळात बहुतेक मोठ्या कंपन्यांकडे अशी योजना होती.

आपल्याकडे एअर इंडियाची ‘फ्लाइंग रिटर्न्स’ योजना १९९४ पासूनची. पुढे तिचे नाव ‘महाराजा क्लब’ झाले. इंडिगो कंपनी २००६ साली उडू लागली, पण तिने तब्बल अठरा वर्षे अशी योजना काढली नाही. २०२४ साली तिने ‘ब्लूचिप’ सुरू केली. स्वस्त तिकीट आणि भरपूर फेऱ्या एवढ्यावर जी कंपनी देशातील साठ टक्क्यांहून अधिक प्रवासी नेत होती, तिलाही अखेर गुण वाटावेसे वाटले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

दोन वह्या

अशा योजनेत प्रत्येक प्रवाशाच्या नावे दोन वह्या असतात, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. पहिली वही खर्च करावयाच्या गुणांची. ते देऊन तिकीट मिळते. दुसरी वही दर्जाची. वर्षभरात अमुक इतका प्रवास वा खर्च केला की प्रवासी रुपेरी, सोनेरी अशा पायऱ्या चढतो. त्याला जास्त सामान नेता येते, रांग लहान होते, बरे आसन मिळते. पहिल्या वहीतली शिल्लक पुढील वर्षी चालू राहते; दुसरी वही मात्र साधारणपणे दरवर्षी कोरी होते. कंपनी बदलावी का, ह्याचा विचार करताना लोक दोन्ही वह्या एकत्र मोजतात आणि तेथेच गोंधळ होतो.

आमचे वडील मोंढ्यात हमाली करतात. आमच्या घरचे सामान वर्षानुवर्षे एकाच किराणा दुकानातून येते. शेजारच्या दुकानात साखर रुपयाने स्वस्त असली तरी आम्ही तिकडे जात नाही, कारण ह्या दुकानात आमची उधारीची वही आहे. अर्थशास्त्रात ह्याला बदलखर्च म्हणता येईल. पॉल क्लेम्परर ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९८७ साली आपल्या निबंधांत असे दाखविले की, गिऱ्हाइकाला दुकान बदलण्यास खर्च पडत असेल, तर दुकाने अनेक असूनही प्रत्येक दुकानदार आपल्या बांधलेल्या गिऱ्हाइकापुरता मक्तेदार बनतो. प्रथम गिऱ्हाईक मिळविण्यासाठी तो सवलत देतो. एकदा ते बांधले गेले की वसूल करतो.

परंतु किराणा दुकान आणि विमान कंपनी ह्यांत एक मोठा फरक आहे. किराणा दुकानात आम्ही देणेकरी असतो. विमान कंपनीच्या वहीत प्रवासी हा सावकार आणि कंपनी ही देणेकरी! जमा झालेले गुण म्हणजे कंपनीने प्रवाशाला द्यावयाचे देणे होय. मात्र हा असा देणेकरी आहे की, एक गुण म्हणजे किती पैसे हे तोच ठरवितो, आणि ते केव्हाही बदलतो. आमच्या दुकानदाराने आमची शंभराची उधारी एकशे चाळीस केली तर वडील त्याला जाब विचारतील. मामांचे २६,००० गुण एका दिवसात चार तिकिटांवरून दोन तिकिटांवर आले, तेव्हा जाब विचारण्यास जागाच नव्हती. नियमांत तशी सोय अगोदरच होती.

साध्या वर्गाच्या प्रवाशाचे काय झाले

पूर्वी गुण अंतरावर मिळत. म्हणून त्यांना ‘माइल्स’ हे नाव पडले. पुढे कंपन्यांनी अंतर सोडून पैसा मोजण्यास सुरुवात केली. अमेरिकेत डेल्टा आणि युनायटेड यांनी २०१५ साली व अमेरिकनने २०१६ साली ही पद्धत आणली. साध्या सभासदाला एका डॉलरमागे ५ गुण आणि सर्वांत वरच्या पायरीच्या सभासदाला ११. एअर इंडियानेही २०२४ साली अंतराऐवजी खर्च हा आधार घेतला.

ह्याचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस हे अंतर सुमारे २,४७५ मैल आहे. जुन्या पद्धतीत पूर्ण अंतर धरले तर तितके गुण मिळत. नव्या पद्धतीत मूळ भाडे २०० डॉलर असेल, तर साध्या सभासदाला मिळतील १,०००. उलट, तीनशे मैलांच्या प्रवासाला ऐनवेळी ४०० डॉलर मोजणाऱ्या व्यापाऱ्याला पूर्वी ३०० आणि आता २,००० गुण. म्हणजे जो स्वस्त तिकीट शोधून वारंवार हिंडतो त्याचे गुण घटले आणि जो महाग तिकीट घेतो त्याचे वाढले. कंपनीच्या दृष्टीने ह्यात अन्याय नाही. तिला फेऱ्यांपेक्षा पैसा प्रिय. पण मग ‘निष्ठा’ हा शब्द तेवढा उगाच राहतो.

दर्जाच्या वहीचेही तेच झाले. डेल्टाने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केले की यापुढे दर्जा केवळ खर्चावर मिळेल. प्रवाशांनी इतका गदारोळ केला की पुढच्याच महिन्यात कंपनीला आकडे खाली आणावे लागले. सर्वांत खालच्या पायरीला ६,००० ऐवजी ५,००० डॉलर. ब्रिटिश एअरवेजने १ एप्रिल २०२५ पासून एका पौंडामागे एक ह्या हिशेबाने दर्जाचे गुण देण्यास सुरुवात केली. रुपेरी पायरीला ७,५०० आणि सोनेरीला २०,००० लागू लागले. साध्या वर्गाच्या प्रवाशाने वीस हजार पौंडांची तिकिटे कोठून काढावीत?

येथे कोणी विचारील की, मग ह्या योजना चालतात कशावर? त्याचे उत्तर असे की, कंपन्या गुण विकतात. पतपत्रे काढणाऱ्या बँका ते घाऊक विकत घेतात आणि आपल्या खातेदारांना वाटतात. २०२० साली साथीमुळे विमाने जमिनीवर असताना युनायटेडने आपली गुणयोजना तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उभे केले. उडणारे विमान थांबले तरी त्या वहीवर कर्ज मिळाले, ह्यावरून वहीची किंमत कळून येते.

मनाचा भाग

मामांचे म्हणणे होते, “एवढे जमवले, आता थोडक्यासाठी सोडू कसे?” हे म्हणणे अगदी मानवी आहे. २००६ साली नुनेस आणि ड्रेझ ह्या दोन संशोधकांनी मोटारी धुण्याच्या एका दुकानातील प्रयोग प्रसिद्ध केला. तीनशे गिऱ्हाइकांना कार्डे वाटली. निम्म्यांच्या कार्डावर आठ चौकोन होते. आठ शिक्के झाले की एक धुणे फुकट. उरलेल्यांच्या कार्डावर दहा चौकोन, पण त्यांपैकी दोन शिक्के आधीच मारलेले. दोघांनाही आठच वेळा यावयाचे होते. तरी पहिल्या गटातील १९ टक्के लोकांनी कार्ड पुरे केले आणि दुसऱ्या गटातील ३४ टक्क्यांनी. आपण वाटेवर बरेच पुढे आलो आहोत असे वाटले की पाय आपोआप पुढे पडतात, मग ती वाट कोठेही जात असो.

शास्त्र सांगते की झालेला खर्च मागे ठेवून पुढचाच खर्च व पुढचाच लाभ पाहावा. शिवाय आणखी एक गोष्ट लोक विसरतात. कंपनी बदलली म्हणून जुने गुण जात नाहीत. खाते तसेच राहते. केवळ त्यात नवी भर पडत नाही. धोका एवढाच की कित्येक योजनांत ठरावीक मुदतीत गुण वापरले नाहीत तर ते रद्द होतात. म्हणून ‘सोडणे’ आणि ‘गमावणे’ हे दोन वेगळे शब्द आहेत.

मामांचा हिशेब

आता प्रत्यक्ष आकड्यांकडे वळू. प्रथम एका गुणाची किंमत काढली. पुणे-वाराणसी तिकीट रोखीने ६,३०० रुपये. गुणांवर काढले तरी कर व शुल्क म्हणून ९०० रुपये द्यावेच लागतात. वाचले ५,४००, त्यासाठी गेले ९,००० गुण. म्हणजे एका गुणाचे मोल ६० पैसे.

मामांना एका प्रवासामागे सुमारे ४०० गुण मिळतात, म्हणजे २४० रुपये. दर्जामुळे मिळणारे आसन, लहान रांग ह्यांची किंमत त्यांनी स्वतःच प्रवासामागे ३०० रुपये धरली. एकूण लाभ ५४० रुपये. दुसऱ्या बाजूला, नवी कंपनी प्रत्येक तिकिटात सरासरी ७०० रुपयांनी स्वस्त, आणि तिचे गुण सुमारे १०० रुपयांचे. म्हणजे जुन्या कंपनीत राहण्याचा वैकल्पिक खर्च ८०० रुपये. ८०० खर्च करून ५४० मिळविणे हा तोट्याचा व्यवहार. नव्या कंपनीचे तिकीट ४४० रुपयांपेक्षा कमी फरकाने स्वस्त असते, तर मात्र राहणेच बरे ठरले असते. प्रत्येकाने आपला असा आकडा काढावा. दुसऱ्याचा आकडा आपल्या उपयोगी पडत नाही.

उरलेले दहा हजार गुण मिळविण्यास २५ प्रवास, म्हणजे सव्वा वर्ष लागणार होते. केवळ गुणांचा विचार केला तर त्यासाठी ८०० रुपयांप्रमाणे २०,००० रुपये सोडावे लागणार, आणि हाती येणाऱ्या गुणांचे मोल ६,०००. शिवाय तोपर्यंत दर पुन्हा वाढणार नाहीत ह्याची हमी कोण देणार? आणि आजी सव्वा वर्षाने मोठी होणार.

येथपर्यंत उत्तर सोपे होते : सोडा. पण वहीत हिशेब मांडताना एक गोष्ट लक्षात आली. २६,००० गुणांत जाण्याची दोन तिकिटे निघत होती, १८,००० गुणांची. उरत होते ८,०००. येण्याच्या एका तिकिटाला फक्त हजार कमी! मामांना स्वखर्चाचा दुसरा प्रवास नाही. म्हणजे ते आठ हजार पडून राहून एक दिवस रद्द होणार. हजार गुण म्हणजे तीन प्रवास, खर्च २,४००. आणि त्याने मिळणारे तिकीट ५,४०० रुपये वाचविणारे. येथे पुढचे पाऊल टाकणे फायद्याचे होते. प्रथम मला वाटले की मीही त्या मोटार धुणाऱ्या गिऱ्हाइकांसारखाच फसतो आहे. पण तसे नव्हते. जवळ आलेले फळ जवळ आहे म्हणून तोडू नये, आणि मोह आहे म्हणून सोडूही नये; पुढच्या एका पावलाचा खर्च आणि लाभ मांडावा. वर्गात सीमांत विश्लेषण शिकताना ते कागदावरचे वाटले होते.

म्हणून मी मामांना सांगितले, “मामा, आणखी तीन प्रवास जुन्याच कंपनीने करा. मग आजीला घेऊन काशीला जाऊन या. तुमचे येण्याचे तिकीट रोखीने काढा. त्यानंतर मात्र कोणाचेच होऊ नका. दर वेळी भाडे आणि वेळ पाहून तिकीट काढा.”

काही सावधगिरीच्या गोष्टी

मामांचा हिशेब सर्वांना लागू नाही. ज्या गावाहून एकाच कंपनीचे विमान सुटते तेथे निष्ठेचा प्रश्नच उद्भवत नाही. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेतील पहिल्या विमानांत नांदेड-हैदराबाद हे एक होते. अशा लहान विमानतळांवर प्रवाशाला निवड थोडीच असते. दुसरे, कंपन्या चिरंजीव नसतात. किंगफिशरची विमाने २०१२ साली थांबली, जेट एअरवेजची १७ एप्रिल २०१९ रोजी. जेटची गुणयोजना वेगळ्या कंपनीकडे असल्यामुळे ती दुसऱ्या नावाने तगली, पण ते नशीब. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली आणि तिचे सभासद दुसऱ्या योजनेत गेले. तेव्हा गुण हे बँकेतील ठेवीसारखे समजू नयेत. ते पिकल्या केळ्यासारखे समजावेत.

तिसरी गोष्ट नीतीची आहे. तिकिटाचे पैसे कारखान्याचे आणि गुण मात्र नोकराचे, ही व्यवस्था मुद्दामच केलेली आहे. दुसऱ्याच्या पैशाने तिकीट काढणारा माणूस भाड्याकडे कमी आणि गुणांकडे अधिक पाहतो. जर्मनीत २००२ साली सरकारी प्रवासाचे गुण खाजगी प्रवासाला वापरल्याच्या प्रकरणात ग्रेगोर गिझी यांना बर्लिनमधील मंत्रिपद सोडावे लागले. नॉर्वेने तर त्याच वर्षी देशांतर्गत प्रवासावर गुण देण्यास बंदी घातली, कारण नव्या कंपन्यांना प्रवासी मिळेनात. ती बंदी २०१३ साली उठली. मामांना कारखाना ठरावीक रक्कम देतो, म्हणून त्यांचा प्रश्न स्वच्छ होता.

उपसंहार

कार्तिकात आजी काशीला जाऊन आली. परत आल्यावर तिने मामांना विचारले की, तिकिटाला किती पैसे पडले? मामा म्हणाले, “पैसे नाही आई, गुणांवर मिळाले.” त्यावर आजी म्हणाली, “गुण कुणाचे रे, तुझे का माझे?” आम्ही सगळे हसलो. मला मात्र त्या प्रश्नाचे उत्तर सुचले नाही. अर्थशास्त्राने मला एवढेच सांगितले की कंपनी ज्याला निष्ठा म्हणते तो एक करार आहे आणि करार दर वेळी नव्याने तपासावा. मामांनी दोन-अडीच वर्षे जी राखली होती ती निष्ठा कंपनीशी नव्हती, हे आजीच्या हातातील गंगाजलाची लोटी पाहून माझ्या ध्यानात आले.

त्या रात्री वडिलांनी माझी हिशेबाची वही मागून घेतली. त्यांना अक्षरे फारशी येत नाहीत, पण आकडे येतात. ८०० आणि ५४० वर बोट ठेवून ते म्हणाले, “हे बरोबर आहे.” परीक्षेत मिळालेल्या गुणांपेक्षा मला ते अधिक मोलाचे वाटले.